तान्ह्या मुलासाठीं दाई ठेवतांना



पुरंदर किल्ल्यावर १४ मे १६५७ रोजीं संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृति नाजूक. म्हणून जवळच्याच कापूरहोळ गांवची धाराऊ दूधआई म्हणून आणण्यांत आली. १६५९ सालीं सईबाई निवर्तल्या, आणि तें पोरकें मूल आजी जिजाबाई व ही धाराऊ यांच्या अंगाखांद्यावर वाढलें. राजाच्या घरचें मूल, पण दाई आणली ती गडाच्या पंचक्रोशींतील, जिचें घरदार माहितीचें होतें.

शहरांतील आजच्या कुटुंबाला ही सोय राहिलेली नाहीं. २०१७ च्या कायद्यानें नोकरदार मातेस पहिल्या दोन मुलांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली. ती संपते तेव्हां मूल नुकतें पालथें पडूं लागलेलें असतें. आजी गांवीं, शेजारी अनोळखी, आणि सोमवारीं कामावर रुजू व्हावयाचें. मग शनिवारीं जी बाई दारीं येईल ती ठेवली जाते. वास्तविक हा शोध रजा संपण्यापूर्वीं निदान महिनाभर आधीं सुरू व्हावयास हवा.

शिफारसपत्रावर फार विसंबूं नये. बाईला निरोप देतांना चार बरे शब्द लिहून देण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्यापेक्षां पूर्वीच्या घरीं समक्ष जावें आणि तेथील मूल तिच्याकडे झेपावत होतें कीं नाहीं, एवढें विचारावें. पोलीस ठाण्यांतून चारित्र्याची पडताळणी अवश्य करून घ्यावी. मात्र तिनें नोंदलेला गुन्हा कळतो, स्वभाव कळत नाहीं. स्वभाव पाहावयाचा तर पहिले आठ दिवस मातेनें घरींच राहून काम बाईच्या हातीं सोंपवावें. मूल अर्धा तास किंचाळत असतां तिचा आवाज चढतो काय, हें तेव्हांच दिसतें. वैतागून तान्ह्या मुलास गदागदा हलविल्यास मेंदूंत रक्तस्राव होऊन तें दगावूं शकतें, हें तिला प्रथम दिवशींच समजावून सांगावें.

मुंबईच्या गिरणगांवांत १९२० च्या सुमारास मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजविण्याची चाल होती. ती देणाऱ्या बहुधा सख्ख्या माताच असत. गिरणीचा भोंगा थांबत नसे. अफूची ती गोळी मागें पडली, तरी सर्दी-खोकल्याचें औषध पाजून मूल झोपविण्याचा मोह आजही होतो. सायंकाळीं मूल नित्यापेक्षां सुस्त दिसलें, हांकेला डोळे उघडीना, तर विचारपूस करीत न बसतां डॉक्टरांकडे न्यावें. औषधें कुलपांत असावींत. मूल उताणें निजवावें. न्हाणीघरांत भरलेली बादली ठेवूं नये, कारण रांगतें मूल वीतभर पाण्यांतही बुडतें. वर्षाच्या आंत मध चाटवूं नये, हें बाईला सांगावें आणि घरांतील वडीलधाऱ्यांनाही. बाईला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयाची तपासणी करवून घ्यावी. त्याचा खर्च घरानें सोसावा आणि तेवढ्यासाठीं तिचें काम काढूं नये.

आतां जें सहसा विचारलें जात नाहीं तें. या बाईचें स्वतःचें मूल कोणाजवळ आहे? धाराऊलाही मुलगे होतेच, असें परंपरा सांगते. महाराष्ट्रांत घरेलू कामगारांसाठीं २००८ सालीं कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी पगार, सुट्टी आणि आजारपणाची रजा ठरते ती घराच्या उंबरठ्यावर, बहुधा तोंडींच. तीं आरंभींच कागदावर लिहावींत. आपलें काळीज जिच्या हातीं दिलें, तिच्या चहासाठीं मात्र कानतुटका निराळा कप, असा प्रकार सुशिक्षित घरांतही आढळतो. घरांत कॅमेरा लावावयाचा असल्यास तिला सांगून लावावा. चोरून लावलेला कॅमेरा एके दिवशीं तिला दिसतोच, आणि पुढच्या महिन्यांत ती दुसरें घर पाहते.

कांहीं आठवड्यांनीं एखाद्या सायंकाळीं माता घरीं येते, बाई चप्पल घालूं लागते आणि मूल तिच्यासाठीं आकांत मांडतें. मातेच्या मनाला तें लागतें. कित्येक घरांत याच कारणानें चांगल्या बाईला निरोप मिळाला आहे. त्या वेळीं बाईला क्षणभर थांबवून मूल तिच्या कडेवर द्यावें, मग तिला जाऊं द्यावें. तिच्या घरींही कोणी वाट पाहत असतें.