जालियनवाला बागेत जाल तेव्हा



पंजाबात गेलेला आपला माणूस अमृतसरचं सुवर्णमंदिर पाहतोच. जालियनवाला बाग तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. तिथंही जा, पण नुसते फोटो काढून परत फिरू नका.

१३ एप्रिल १९१९. बैसाखी, म्हणजे तिकडचा सुगीचा सण. शहरात जनावरांचा बाजार भरलेला. बागेत रौलट कायद्याविरुद्ध सभा होती, पण सणाला, बाजाराला आलेले खेड्यातले शेतकरीही तिथं टेकले होते. सभाबंदीचा हुकूम त्यातल्या कित्येकांच्या कानावरही नव्हता. जनरल डायरनं इशारा न देता गोळीबार केला. १,६५० गोळ्या.

आता बघा, काडतुसांचा हिशेब लागला, माणसांचा आजवर लागला नाही. सरकार म्हणालं ३७९ मेले. काँग्रेसच्या चौकशीनं हजाराच्या आसपास सांगितले. बाजाराला गेलेला खेड्यातला माणूस परतला नाही, तर त्याची नोंद कोण करणार? आणेवारी कशी लागते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आहेत, विहीर आहे. खरं बघायचं ते आत जाणारा बोळ. २०२१ च्या नूतनीकरणात त्याच्या भिंतींवर शिल्पं बसवली. बऱ्याच इतिहासकारांना ते रुचलं नाही, मलाही नाही. तुम्ही शिल्पं सोडा, बोळाची रुंदी बघा. डायरच्या चिलखती गाड्या त्यातून आत शिरल्या नाहीत. बाहेर पडायची मुख्य वाट तीच, आणि बंदुका तिच्याच तोंडाशी उभ्या होत्या.