स्लाफकोव्स्कीला कितवा नंबर द्यायचा?

कॅनडात राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्यानं विचारलंय, युराय स्लाफकोव्स्की स्लोव्हाकियाच्या दिग्गजांमध्ये कितवा? प्रश्न आइस हॉकीचा आहे. म्हणजे ध्यानचंदांची हॉकी नव्हे, बर्फावरची, पकवाली. आणि मी आकडे सांगतोय ते २०२४-२५ च्या हंगामापर्यंतचे, हे आधी सांगून ठेवतो.

आता दिग्गज म्हणजे कोण, ते बघू. स्लोव्हाकियाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख. आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. आणि या एवढ्याशा देशानं काय माणसं दिलीत! स्टॅन मिकिता घ्या. १९४० साली सोकोल्चे नावाच्या खेड्यात जन्म. मूळ नाव स्तानिस्लाव गुओथ. आठ वर्षांचा असताना काका-काकूंबरोबर कॅनडात गेला आणि त्यांचंच आडनाव लावलं. ते खेडं पुढे लिप्तोव्स्का मारा धरणाच्या पाण्याखाली गेलं. मिकिता शिकागोकडून २२ हंगाम खेळला. १३९६ सामने, ५४१ गोल, एकूण १४६७ गुण. (गुण म्हणजे गोल अधिक असिस्ट.) १९६७ आणि १९६८, लागोपाठ दोन वर्षं त्यानं तीन बक्षिसं एकत्र नेली: सर्वाधिक गुणांचं, सर्वात मौल्यवान खेळाडूचं आणि सभ्य खेळाचं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत हाच माणूस सारखा पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचा.

दुसरा पीटर श्त्यास्नी. १९८० मध्ये चेकोस्लोव्हाकियातून पळून क्वेबेकला आला, भाऊ अँटनसोबत. थोरला मारियन वर्षभरानं आला. पहिल्याच हंगामात १०९ गुण. संपूर्ण ऐंशीच्या दशकात त्याच्यापेक्षा जास्त गुण फक्त ग्रेट्स्कीचे. आणि १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये, देश नवा कोरा असताना, झेंडा याच्याच हातात होता.

मग मारियन होसा, ५२५ गोल आणि शिकागोबरोबर तीन स्टॅनली कप. झ्देनो खारा, २०६ सेंटीमीटर उंच, बोस्टनचा कर्णधार म्हणून २०११ चा कप. डिफेन्समध्ये खेळणाऱ्यांत सर्वाधिक, १६८० सामने त्याचेच. बोंड्रा, गाबोरिक, डेमित्रा, शातान... यादी मोठी आहे. आणि पडद्याआड राहिलेले वेगळेच. गोली व्लादिमीर झुरिला तीनदा जगज्जेता झाला, पण एनएचएलच्या आकड्यांत तो सापडणार नाही. नुसते एनएचएलचे आकडे लावणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

आता आपला पोरगा. जन्म २००४, कोशित्सेचा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा वय १७. सात सामन्यांत सात गोल, स्पर्धेतला सर्वात मौल्यवान खेळाडू, आणि स्वीडनला ४-० हरवून देशाला हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक पदक. हे पदक किती मोठं ते कळायला २०१० चं व्हँकुव्हर आठवा. डेमित्रा, होसा, खारा, गाबोरिक, सगळे एका संघात. कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडविरुद्ध ३-१ आघाडी, आणि हरले ५-३. पुढच्याच वर्षी डेमित्रा यारोस्लाव्हलच्या विमान अपघातात गेला. त्या पिढीला जे मिळालं नाही, ते या पोरांनी आणलं.

हो, बीजिंगला एनएचएलचे खेळाडू नव्हते, कोविडमुळे. ते वजा करायलाच हवं. पण किती? माझ्या मते थोडंच, कारण मैदान सगळ्यांना सारखंच होतं आणि गोल करणारा शाळकरी वयाचा होता.

त्याच वर्षी जुलैत माँट्रियलनं त्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी, आयपीएलसारखी बोली नाही. पहिला निवडला गेलेला तो पहिलाच स्लोव्हाक. आधीचा उच्चांक गाबोरिकचा, २००० मध्ये तिसरा. गंमत बघा, दुसऱ्या क्रमांकावरही स्लोव्हाकच, शिमोन नेमेत्स. ड्राफ्ट माँट्रियललाच होता आणि तिथल्या कित्येक लोकांना शेन राइट हवा होता. म्हणजे पोरगा आला तोच ओझं घेऊन.

पहिला हंगाम दुखापतीत गेला, ३९ सामन्यांत १० गुण. लोकांनी लगेच फुकट गेला म्हणून शिक्का मारला. दुसऱ्यात २० गोल, ५० गुण. मग आठ वर्षांचा करार, वर्षाला ७६ लाख डॉलर. तिसऱ्यात ५१ गुण.

आता खरी तुलना, वयाला वय लावून. गाबोरिकनं विशीत लागोपाठ दोन हंगाम ३०-३० गोल केले, तेही गोल दुर्मीळ असलेल्या काळात. तिथे स्लाफकोव्स्की स्पष्ट मागे आहे. होसाकडे बघा मात्र. एकवीस पूर्ण झाली त्या हंगामात होसाचे ५६ गुण, याचे ५१. फार लांब नाही. आणि खेळाची जातही जवळची वाटते मला, अंगानं दणकट, कडेला पक राखून ठेवणारा, दुसऱ्याला जागा करून देणारा. होसाही एका रात्रीत होसा झाला नव्हता.

तर माझा नंबर? कारकिर्दीच्या यादीत पहिल्या दहात अजून नाही. मिकिता, श्त्यास्नी, होसा, खारा हे चौघं तर कुणी हलवूच नयेत. पण राष्ट्रीय संघासाठी एका स्पर्धेत कुणी काय केलं, अशी यादी काढली तर बीजिंगचा स्लाफकोव्स्की वरच्या दोनात. त्याच्या बरोबरीनं फक्त २००२ चं योटेबोर्ग, रशियाविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत बोंड्रानं मारलेला ४-३ चा गोल आणि जगज्जेतेपद. त्यातला वरचा कोण, यावर तुम्ही भांडा. मी बोंड्राकडे.