शस्त्रबंदी : दारूगोळा घडवणाऱ्या जिल्ह्याची मागणी

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवून सत्ता बळकावली. निदर्शकांवर गोळीबार, गावांची जाळपोळ आणि वस्त्यांवर हवाई हल्ले ही त्या राजवटीची रीतच झाली. ११ एप्रिल २०२३ रोजी सागाइंग प्रांतातील पाझिजी गावात जमलेल्या लोकांवर विमानातून बॉम्ब टाकण्यात आले. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत लहान मुलेही होती. असे हल्ले चालू ठेवायला विमाने, सुटे भाग आणि इंधन बाहेरून यावे लागते. हा पुरवठा सर्व देशांनी मिळून रोखणे म्हणजे आंतरराष्ट्रीय शस्त्रबंदी.

चंद्रपूर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीत भारतीय सैन्यासाठी दारूगोळा तयार होतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या आणि ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. देशाच्या गरजेबरोबर निर्यात हेही आता या उद्योगाचे उद्दिष्ट आहे. निर्यात वाढते तेव्हा माल कोणाच्या हाती पडतो, हे विचारण्याचा हक्क तो घडवणाऱ्यांना आहे. शेजारच्या गडचिरोलीत माडिया-गोंड गावांनी चार दशके नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन बंदुकांच्या मध्ये काढली. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने १५ पोलीस आणि एका वाहनचालकाचा बळी घेतला. शस्त्राची किंमत या मुलखाला नव्याने सांगावी लागत नाही.

शस्त्रबंदी सर्व देशांवर बंधनकारक करण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर परिषदेने १९६३ मध्ये ऐच्छिक, तर ४ नोव्हेंबर १९७७ रोजी सक्तीची बंदी घातली. चोरवाटा राहिल्या, राजवटीने स्वतःचे शस्त्रकारखानेही वाढवले. तरी अंगोलाच्या युद्धात गमावलेल्या लढाऊ विमानांच्या जागी नवी मिळवणे तिला जड गेले. लोकशाही सरकार आल्यावर, १९९४ मध्येच ही बंदी उठली. भारताने तर परिषदेची वाट न पाहता १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता.

उलटा धडा युगोस्लाव्हियाचा आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये, यादवीत फुटत चाललेल्या त्या साऱ्या देशावर सरसकट बंदी आली. सर्ब बाजूकडे जुन्या लष्कराचा साठा होता; हात बांधले गेले ते बोस्नियाचे. म्हणून बंदीचा रोख अत्याचारी राजवटीवर हवा आणि बंदीत इंधन व सुटे भागही हवेत.

म्यानमारबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ जून २०२१ रोजी ११९ विरुद्ध १ मताने शस्त्रपुरवठा रोखण्याचे आवाहन केले. भारतासह ३६ देश तटस्थ राहिले. आमसभेचे आवाहन बंधनकारक नसते आणि सुरक्षा परिषदेच्या २१ डिसेंबर २०२२ च्या ठरावात शस्त्रबंदी नव्हती. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी, सत्तापालटानंतर त्या लष्कराला किमान एक अब्ज डॉलरची शस्त्रसामग्री पोचल्याचे मांडले. त्यात रशियातून ४० कोटी ६० लाख, चीनमधून २६ कोटी ७० लाख आणि भारतातून ५ कोटी १० लाख डॉलरचा माल होता. नकाराधिकार असलेले दोन देशच सर्वांत मोठे पुरवठादार असल्याने परिषदेकडून बंदीची आशा धूसर आहे. उरतो तो प्रत्येक देशाच्या स्वतःच्या निर्णयाचा मार्ग.

भारताने हात आखडला तर चीनचे फावेल आणि ईशान्य सीमा असुरक्षित होईल, असा आक्षेप घेतला जातो. पण १६४३ किलोमीटरच्या त्या सीमेपलीकडचा मोठा भाग आज लष्कराच्या ताब्यातच नाही. जानेवारी २०२४ मध्ये मिझोरामलगतचे पलेत्वा शहर अराकान आर्मी या बंडखोर संघटनेने घेतले. म्यानमारच्या चिन समाजातील हजारो निर्वासितांना मिझोरामने आसरा दिला आहे. त्यांना घराबाहेर काढणाऱ्या लष्कराला शस्त्र देऊन सीमा सुरक्षित होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याने भारत सरकारकडे तीन मागण्या कराव्यात. म्यानमारच्या लष्कराला शस्त्रे, सुटे भाग आणि दारूगोळ्याचा कच्चा माल पाठवण्याचे परवाने थांबवावेत. प्रत्येक शस्त्रनिर्यातीचा अंतिम वापरकर्ता तपासून त्याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावा. आमसभेत हा विषय पुन्हा आला की तटस्थ न राहता शस्त्रबंदीच्या बाजूने मत द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी सुरक्षा परिषदेची परवानगी लागत नाही. १९४६ मध्येही लागली नव्हती.