बोटीवर एकटे जाताना
(नभोवाणीवरील भाषण, हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक)

आमचे हरसूल सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले असल्यामुळे, ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आमच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघून गेली असली, तरी आमच्या ओहोळांचे पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून अरबी समुद्रालाच जाऊन मिळते. आणि असे असूनही ज्यांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही अशी वयस्क माणसे या मुलुखात पुष्कळ आहेत. अलीकडे मात्र निवृत्तिवेतन घेणारे शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, ज्यांची मुले नाशिक-मुंबईकडे स्थिरावली आणि ज्यांच्यापैकी काहींचा जोडीदार वाटेत सुटून गेला, ती मंडळी मुंबईहून निघणाऱ्या सहलीच्या बोटींची माहितीपत्रके चाळू लागली आहेत, आणि माहितीपत्रक मिटताना त्यांच्या तोंडी हटकून एकच प्रश्न येतो, की आपण एकटेच गेलो तर चालेल का? चालेल, असे माझे उत्तर आहे. मात्र एकटे जाणे आणि कोणाच्याही नोंदीत नसणे या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीत काहीच गैर नाही आणि दुसरी सर्वथा टाळण्याजोगी आहे, एवढाच भेद आज मी आपणांसमोर मांडणार आहे.

बोटीने एकट्याने जाण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी आहे असे समजण्याचे कारण नाही. कोकणची आगबोट चालू होती त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या सकाळी पणजीस लागे, आणि तिच्या डेकवर पथारी पसरून बसलेल्यांत गिरणीतल्या पाळीवरून सुट्टी काढून गावी निघालेले एकटे चाकरमानी कितीतरी असत. पथारी पसरली की जागा आपली झाली, आणि जागा आपली झाली की शेजारी आपला झाला, हा त्या डेकचा अलिखित कायदा होता. ट्रंकेवर नजर ठेवावयास सांगून माणूस निर्धास्तपणे चहाला जाई. बंदर आले म्हणजे बोट आत समुद्रात उभी राही, पडाव तिला येऊन भिडे, आणि लाटेबरोबर पडाव वर येईल त्या क्षणी खलाशी उतारूला दंडाला धरून खाली घेई. तो क्षण चुकला तर काय होईल याचा विचार करण्यास सवड नसे, आणि ते बरेच होते. आजच्या बोटीत ही धास्ती उरलेली नाही, परंतु पथारीचा शेजारही उरलेला नाही. दार लावून घेतले की शेजारच्या खोलीत कोण आहे हे सहल संपेपर्यंत कळत नाही.

आणि याहूनही जुने, याहूनही धीराचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जाहीर व्याख्यान देऊन लोकांनी वारंवार विचारलेल्या प्रश्नांचा एकेक करून परामर्श घेतला होता, आणि त्यांत तू एकटीच का जातेस हाही एक प्रश्न होता. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर फार साधे होते: दोघांनी मिळून जाण्याचाच मूळचा बेत होता, परंतु तेवढा पैसा नव्हता आणि पती गोपाळरावांवर घरच्या माणसांचा भार होता. तत्त्वज्ञान नाही, बंडाची भाषा नाही. निव्वळ घरखर्चाचा हिशेब. पुढे ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेली ही मुलगी परिचयाच्या परदेशी स्त्रियांच्या सोबतीने, पण घरचे एकही माणूस बरोबर नसताना बोटीवर चढली आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने! आपण तर दोन-तीन रात्रींच्या सहलीविषयी बोलत आहोत.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो आधी निकालात काढू. सहलीच्या बोटीचा दर माहितीपत्रकात ‘प्रत्येकी’ म्हणून छापलेला असतो, परंतु त्या प्रत्येकीच्या पोटात एका खोलीत दोन माणसे हे गृहीत धरलेले असते. एकटा माणूस गेला की दुसऱ्या रिकाम्या बिछान्याचा अधिभार त्याच्यावर बसतो, आणि काही वेळा ही आकारणी थेट दुप्पट भाड्यापर्यंत जाते. हा अन्याय आहे असे पुष्कळांना वाटते, आणि विधुर वा विधवेने आपल्या एकटेपणाचा दंड भरावा ही कल्पना मलाही रुचत नाही. तथापि खोली ही बोटीवरची मोजकी वस्तू आहे, आणि त्या खोलीतला दुसरा उतारू दुकानात नि उपाहारगृहात जो खर्च करील तोही कंपनीने हिशेबात धरलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे राग थोडा निवळतो. परदेशी कंपन्यांपैकी काहींना हे शहाणपण सुचले आणि २०१० साली सेवेत आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या बोटीवर एकट्यासाठीच बांधलेल्या १२८ लहान खोल्या ठेवण्यात आल्या. आपल्याकडे तशी सोय मिळेल या भरवशावर राहू नये. दिवाळी, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या टाळून आठवड्याच्या मधल्या वारांची फेरी पाहावी, अधिभारात सूट आहे काय हे स्पष्ट विचारावे, आणि एजंटाकडून बंदरशुल्क, जीएसटी, सेवकवर्गाची बक्षिसी यांसह ‘एका माणसाचे एकूण’ एवढी एकच रक्कम लेखी मागून घ्यावी. निम्मे भाडे वाचावे म्हणून अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घेण्याचा सल्ला कोणी देतात. तो तरुणांनी खुशाल मानावा. साठीनंतर माणसाच्या घोरण्याची हमी कोणी देऊ नये आणि कोणी घेऊही नये.

मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करीत आली आहे. १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ती प्रथम समुद्रावर आली. फेऱ्यांचे मार्ग हंगामानुसार बदलतात, म्हणून ते त्या त्या वेळी विचारून घ्यावेत. खोली निवडताना एकट्याने सज्जाचा मोह सहसा धरू नये. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावा कमी लागतो, आणि आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली स्वस्तही पडते. मात्र अशा खोलीत सकाळ झाली की नाही हे कळण्यास मार्ग नसल्यामुळे उशाशी गजराचे घड्याळ हवे, आणि ज्याला कोंडल्यासारखे होते त्याने चार पैसे जास्त मोजून खिडकीच घ्यावी.

आता मी ज्याला सर्वांत महत्त्व देतो त्या नोंदीच्या विषयाकडे येतो. १७ जुलै १९४७ रोजी, दर्श अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी लाटांत काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोळी बांधवांच्या होड्यांनी काहींना वाचविले. मृतांचा आकडा मात्र आजही या पुस्तकात एक नि त्या लेखात दुसरा असा आढळतो, आणि जिच्यातील मृतांचा आकडादेखील निश्चित होऊ शकत नाही अशा गर्दीत एकट्याने निघालेल्या, घरी न सांगता चढलेल्या माणसाची कथा काय झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. आज उतारूंची फेरिस्त काटेकोर ठेवली जाते, पण ती आपण जेवढा मजकूर देऊ तेवढीच खरी असते. म्हणून नोंदणीच्या वेळी ‘आपत्काळी कोणास कळवावे’ हा रकाना एकट्याने कधीही मोकळा सोडू नये, त्यात जो मोबाईल खरोखर उचलला जातो असाच क्रमांक द्यावा, आणि ज्याचा क्रमांक दिला त्याच्याजवळ बोटीचे नाव, खोलीचा क्रमांक, सुटण्याची व परतण्याची वेळ आणि ओळखपत्राची प्रत ठेवून जावे. देशांतर्गत फेरीस छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र लागते, परदेशी बंदर असल्यास पारपत्र, आणि लक्षद्वीपच्या बेटांवर पाय ठेवण्यास प्रशासनाचा परवाना. या दस्तऐवजांची तजवीज आरक्षणाच्या दिवशीच विचारून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असल्यास त्याची चिठ्ठी खिशात असू द्यावी. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी नाशिकच्या डॉक्टरच्या फीशी ताडून पाहू नये. प्रवासविमा घेतलेला बरा.

बोटीवर चढल्यावर आपत्काळात कोठे जमावयाचे याचा जो सराव होतो, तो कंटाळवाणा आहे हे मी मान्य करतो. तथापि जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिलिओ बेटापाशी ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे दगावली, तेव्हा काही उतारूंचा हा सराव व्हावयाचाच होता. त्यानंतर तो बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झाला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक २०१५ पासून अमलात आला. सात आखूड भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा ही धोक्याची खूण. कुटुंबातल्या चौघांपैकी एकाने ती ऐकली तरी चौघांचे निभावते. एकट्याला उठवणारे कोणी नसते, म्हणून त्याने सरावास हजेरी लावून आपल्या कार्डावरील जमण्याच्या ठिकाणाचे अक्षर पाठ करावे, आणि खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती एकदा हाताने चाचपून मोजावीत. दिवे गेले तर मोजलेले कामी येते.

हरसूलहून निघणाऱ्यांस एक खास सूचना. पंचवटी एक्सप्रेस सकाळी मुंबईस पोहोचते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पियर जवळच आहे, म्हणून त्याच दिवशी निघाले तरी चालते, असा हिशेब पुष्कळ जण करतात. कसाऱ्याच्या घाटात मालगाडी अडकली की हा हिशेब तेथेच कोसळतो. बोट कोणाही एकट्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. चढताना मोठी बॅग आपल्या हातून घेतली जाते आणि ती खोलीच्या दाराशी कित्येकदा संध्याकाळी येऊन पोहोचते, तोवर औषधे, चष्मा, कागदपत्रे, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच असावा. आमच्याकडची माणसे वाटेत उपाशी राहू नये म्हणून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी बांधून घेतात. बहुतेक बोटींवर बाहेरचे शिजवलेले अन्न नेण्यास मनाई असते, तेव्हा ही शिदोरी मुंबईपर्यंतच संपवावी.

बोट लागण्याची भीती अनेकांना असते. त्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे तर आधी घ्यावयाची असते, तिने गुंगी येते, आणि ज्यांची इतर औषधे चालू आहेत त्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. उपाशी पोटी राहू नये, तुडुंब जेवूही नये. आल्याचा तुकडा चघळावा, आणि खोलीत पडून राहण्याऐवजी डेकवर येऊन क्षितिजावर दृष्टी ठेवावी. मोबाईल बोट सुटताच विमान-स्थितीत टाकावा, कारण भर समुद्रात तो उपग्रहाच्या जाळ्यास चिकटतो आणि पुढच्या बिलात त्याची जी रक्कम येते तिने बोट न लागलेल्यालाही भोवळ येते.

सोबतीविषयी थोडेसे. जेवणाच्या वेळी सामाईक टेबलावर बसवा असे पहिल्याच रात्री व्यवस्थापकास सांगावे. दुसऱ्या रात्री घोळके जमून गेलेले असतात. गाणे-बजावणे, पत्ते, व्यायामाचे वर्ग यांत एखाद्यास नियमाने गेले की चेहरे ओळखीचे होतात, आणि आपण सकाळी दिसलो नाही तर चौकशी करणारे एखादे माणूस निर्माण होते, हा त्याचा खरा लाभ. मात्र ओळख कितीही झाली तरी खोलीचा क्रमांक चारचौघांत उच्चारू नये, दाराची आतली कडी लावावी, आणि विशेषतः एकट्या स्त्रीने परतताना कोणी मागोमाग येत असल्यास आपल्या दाराशी न थांबता सरळ स्वागतकक्ष गाठावा. यात भित्रेपणा नाही. बंदरावर उतरल्यावर बोटीच्या सहलीबरोबर न जाता स्वतंत्र फिरावयाचे असेल, तर परत चढण्याची शेवटची वेळ बोटीच्या घड्याळाने लिहून घ्यावी, बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी कागदावर टिपून ठेवावा, आणि तासभर आधी धक्क्यावर हजर व्हावे.

शेवटच्या रात्री मोठ्या बोटींवर सामान खोलीबाहेर ठेवण्याचे फर्मान निघते आणि ते रातोरात खाली नेले जाते. त्या वेळी सकाळी अंगावर घालावयाचे कपडे आणि पायातल्या चपला आत राहिल्या आहेत ना, एवढे दार लावण्यापूर्वी पाहून घ्यावे. बायको किंवा नवरा बरोबर असला तर निदान त्याला बाहेर पाठवून विचारपूस करता येते.