कुठपर्यंत चालू आहे?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या परंपरेवर बोलावे असा संकेत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो इतका उत्तम पाळला आहे की मला थोडी मोकळीक घेता येईल. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. परंतु आज मी बोलणार आहे ते आपल्या बैठकीच्या कोपऱ्यात, बहुधा दूरदर्शन संचाच्या मागे, धूळ खात लुकलुकणाऱ्या एका खोक्याविषयी. त्याला आपण सारे राउटर म्हणतो. नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांत याच कामात हयात घालवणारे आमचे माजी विद्यार्थी समोर बसले आहेत. त्यांना हे बोलणे बाळबोध वाटेल. त्यांनी घटकाभर केवळ पालक व्हावे.

२०२० च्या मार्चमध्ये शाळेचे फाटक बंद झाले आणि शाळेचा दरवाजा त्या खोक्यातून उघडू लागला. पुढे वर्ग पुन्हा भरले, घंटा पुन्हा वाजू लागली. पण परीक्षेचे अर्ज, प्रवेशपत्रे, निकाल आणि निम्मा गृहपाठ त्या दरवाजातच राहिला. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या पालकांच्या चिठ्ठ्यांत एक वाक्य वारंवार येते: ‘काल घरी नेट बंद होते.’ वाक्य शुद्ध आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. ‘तब्येत बरी नाही’ एवढे सांगून कोणी वैद्यासमोर बसले तर वैद्य काय करील? तो विचारील, कुठे दुखते? आपणही हाच प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. नेट बंद आहे की चालू, हा प्रश्न सोडून द्या. विचारायचे ते असे, की ते कुठपर्यंत चालू आहे?

कारण ही एक साखळी आहे. मुलाच्या हातातील फोनपासून राउटरपर्यंत हवेतून एक दुवा. राउटरपासून फायबरच्या छोट्या पेटीपर्यंत दुसरा. पुष्कळ घरांत हे दोन्ही आता एकाच खोक्यात असतात. तेथून तार गॅलरीतून बाहेर पडते, खांबावर जाते, आणि आपल्या करोल बागेतील वा पहाडगंजातील गल्ल्यांत त्या खांबावर तारांचे जे जंगल माजलेले असते त्यात दिसेनाशी होते. पुढे कंपनीचे केंद्र, त्यापुढे कंपन्यांना एकमेकींशी जोडणारी केंद्रे, आणि शेवटी दूर कुठेतरी तो संगणक, ज्यावर आपल्या मुलीचे प्रवेशपत्र ठेवलेले असते. यांतील एक दुवा निखळला तरी आपल्याला दिसते ते एकच, फिरत राहणारे वर्तुळ.

फोनवरील वायफायच्या रेघा भरलेल्या दिसल्या की जोडणी उत्तम आहे असे आपण समजतो. त्या रेघा फक्त पहिल्या दुव्याविषयी बोलतात. राउटर जवळ आहे, एवढेच त्यांना ठाऊक असते. राउटरच्या पुढे सारे ठप्प असले तरी रेघा भरलेल्याच राहतात. उलट, राउटरशी बसून सर्व सुरळीत आणि आतल्या खोलीत गेले की अडखळते, असे असेल तर कंपनीला दूरध्वनी करून काही साधत नाही. दोष भिंतींचा आहे. बहुतेक राउटर दोन लहरींवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडून जाते पण गर्दीत सापडते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो. दूध तापवायला ठेवले की वर्ग अडकतो, ही कोण्या विद्यार्थ्याची थाप असेलच असे नाही.

आता तपासण्याची रीत. तिच्यामागे एक गोष्ट आहे. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या एका संशोधनशाळेत माइक म्यूस नावाचे संगणकतज्ज्ञ काम करीत होते. तेथील जाळे विचित्र वागू लागले होते. म्यूस यांनी एक छोटा कार्यक्रम लिहिला. तो पलीकडच्या यंत्राला एक इवलासा संदेश पाठवी, ‘आहेस का?’ आणि ‘आहे’ असे उत्तर किती वेळात येते ते मोजी. पाणबुडीतील सोनार यंत्र ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकते. त्या ध्वनीवरून त्यांनी या कार्यक्रमाला ‘पिंग’ नाव दिले. गंमत अशी की त्यांचा पहिला संदेश सुटण्याआधीच मूळ बिघाड दुरुस्त झाला होता! ते हत्यार मात्र आजही जवळजवळ प्रत्येक संगणकात असते. आपल्याकडे आळीत शिरताना दारातून हाक देतात ना, ‘आहात का घरात?’ तसेच हे. हाक देऊन ओ यायची वाट पाहायची.

घरच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडा, इंग्रजीत पिंग हा शब्द लिहा, एक जागा सोडा आणि राउटरचा पत्ता लिहा. तो राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. उत्तर आले तर घरातला दुवा शाबूत आहे. मग बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध पत्त्याला हाक द्या, गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता लक्षात ठेवायला सोपा. तेथूनही ओ आली, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर समजावे की रस्ता ठीक आहे, पत्त्यांची वही हरवली आहे. नावावरून क्रमांक शोधून देणाऱ्या या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. आणि संगणकाचा स्वतःचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. बिचाऱ्याने आपल्या मनाने एक घेतला आहे. एक सावधगिरी: काही संगणक सुरक्षिततेसाठी अशा हाकांना मुद्दाम उत्तर देत नाहीत. ओ आली नाही म्हणजे घरात कोणी नाही, असा निष्कर्ष एका दारावरून काढू नये.

आमच्या शाळेत सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून आलेल्या गलाई कारागिरांची मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही कुटुंबे देशभर पांगली, तशी दिल्लीतही आली. त्यांतील एका घरची आठवीतील मुलगी ऑनलाइन वर्गांच्या काळात संध्याकाळच्या तासिकांना वारंवार गैरहजर लागू लागली. ती म्हणे, ‘मी होते, पण आवाजच पोहोचत नव्हता.’ तिच्यावर कोणी सहजासहजी विश्वास ठेवीना. जोडणी देणाऱ्याकडे वडिलांनी तक्रार केली तर उत्तर मिळाले, ‘आपके यहाँ मोबाइल ज़्यादा चल रहे हैं.’

त्या मुलीच्या वडिलांचा हात कसोटीच्या दगडावर बसलेला. त्यांना राउटरमधले काही कळत नव्हते. पण तोंडाने सांगितलेला कस बाजारात चालत नाही, रेघ ओढून दाखवावी लागते, हे पक्के कळत होते. त्यांनी लेकीला सांगितले, लिहून काढ. आमच्या संगणकाच्या बाईंनी तिला पिंग शिकवला. तिने वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, राउटरकडे किती हाका पाठवल्या, किती परत आल्या; बाहेर किती पाठवल्या, किती परत आल्या. दोन आठवडे तिने हे निष्ठेने केले. राउटरकडून शंभरपैकी शंभर उत्तरे येत. बाहेरून मात्र वारा सुटला की शंभरातील पंचवीस-तीस हरवत. वारा! हा रकाना तिने आपणहून वाढवला होता. दिल्लीच्या उन्हाळ्यातील आँधीने तिला तो सुचवला असावा.

पुढच्या खेपेस आलेल्या कारागिराने वही पाहिली, काही न बोलता शिडी लावली आणि खांबावरचा सैल झालेला जोड बदलला. दहा मिनिटांचे काम. पण त्या वहीमुळे मुलीची हजेरी सुधारून लावली गेली आणि घरात तिचे म्हणणे ऐकले जाऊ लागले, हे मला त्या जोडाहून मोठे वाटते.

आपल्या घरातील साखळी गल्लीत संपत नाही. १९८६ मध्ये एर्नेट हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातील अवघ्या आठ संस्था जोडायच्या होत्या. त्यांत मुंबईची एनसीएसटी होती, येथील दिल्ली आयआयटी होती. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, टेलिफोनच्या तारेवरून, कूर्मगतीने. त्यानंतरही कित्येक वर्षे एक विपरीत प्रकार चालू होता. एकाच शहरातील दोन घरांनी दोन निरनिराळ्या कंपन्यांची जोडणी घेतली असेल, तर या घराचा निरोप त्या घरी पोहोचण्यापूर्वी पुष्कळदा परदेशवारी करून येई. कारण कंपन्यांची परस्परांत गाठ नव्हती. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तरी अमेरिकेला जाऊन यायचे म्हणजे दोनशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागणारच, आणि समुद्राखालच्या तारेचे भाडे वेगळे. २००३ मध्ये ‘निक्सी’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन झाली आणि देशातला निरोप देशातच वळवणारी केंद्रे उभी राहिली. सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक आपल्या नोएडात आहे. मुंबई, चेन्नई, कोलकाता येथे इतर. यमुनेपलीकडे जाणारा आपला निरोप अटलांटिक ओलांडून येत नाही, त्याचे श्रेय अशा केंद्रांना आहे. निरोप कोणकोणत्या मुक्कामांवरून गेला ते पाहायचे असेल, तर त्याच काळ्या खिडकीत ट्रेसर्ट ही आज्ञा आहे. नववीच्या भूगोलाच्या तासाला ती अवश्य वापरावी, असे मी आमच्या शिक्षकांना येथेच सांगून टाकते.

आता थोडे कठोर बोलते. पुष्कळ घरांत राउटरचे सर्वाधिकार नववी-दहावीतील मुलाच्या हाती असतात. आई-वडिलांना पासवर्ड ठाऊक नसतो, आणि ‘आम्हाला काय कळते त्यातले’ हे कौतुकाने सांगितले जाते. ज्या माउलीला गॅसची गळती वासावरून कळते आणि मीटरचा फ्यूज बांधता येतो, तिला तीन दिव्यांचा अर्थ कळणार नाही हे मी मान्य करीत नाही. फायबरच्या पेटीवरचा ‘लॉस’ लिहिलेला दिवा तांबडा असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही. तार कुठे मुडपली आहे का ते पाहावे आणि कंपनीला कळवावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे फिरतात, पण राउटरचे बटण त्या जोडणीत नसते, म्हणून नेट जाते. त्यासाठी राउटरला बारा व्होल्टची छोटी बॅटरी मिळते. बंद करून पुन्हा चालू करायचे तर अर्धा मिनिट थांबा, आधी फायबरची पेटी लावा, मग राउटर. आणि मागे टाचणीएवढे जे भोक असते, त्यात टाचणी घालू नका! ते पुन्हा चालू करण्यासाठी नाही. त्याने आतील सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत खरोखरच सर्व बंद राहते.

येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता संगणक कक्ष पालकांसाठी उघडा राहील. आयांनी अगत्याने यावे. मुलांना बरोबर आणू नये, नाहीतर तीच सगळे करून मोकळी होतील. येताना राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीवरून त्याचा पत्ता कागदावर उतरवून आणा. त्या चिठ्ठीचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र टाकू नका. तिच्यावर पासवर्डही छापलेला असतो. ज्यांनी तो पहिल्या दिवसापासून बदललेला नाही, त्यांचा आपण शनिवारीच बदलून घेऊ.