एक टिक, दोन टिक : आत्याचा फराळ आणि माझी चूक

(या भागाचं लेखी रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे', 'काय की' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल. मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, की घरचा छोटा धंदा आहे, कुणाची आई मसाले करते, कुणाच्या भावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तर मार्केटिंग कसं करायचं? जाहिरातीला पैसे नाहीत.

मी मार्केटिंगवाला नाही. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, दिवसभर कोड आणि लॉग बघतो. पण या विषयात मी एक मोठी चूक करून बसलोय आणि तिची किंमत माझ्या आत्यानं मोजली. म्हणून आज आधी ती गोष्ट सांगतो, मग त्यातून जे शिकलो ते.

नवा नंबर

माझी आत्या कराडला राहते. बरीच वर्षं दिवाळीचा फराळ करून विकते. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, अनारसे. तिच्याकडे एक लांबडी वही आहे. त्यात गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि पुढे बारीक अक्षरात शेरे. 'लाडूत वेलची नको.' 'चकली तिखट.' 'पैसे पाडव्यानंतर देतात.' अशी 212 नावं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत गेलो होतो, तेव्हा मी तिला म्हटलं, "आत्या, तू अजून एकेकाला फोन करत बसतेस? मी तुला सगळं प्रोफेशनल करून देतो." तिनं पोह्यांची प्लेट हातात दिली आणि म्हणाली, "कर बाबा. तू शिकलेला आहेस."

मग मी काय केलं? नवीन सिमकार्ड घेतलं. घरचा नंबर वेगळा, धंद्याचा वेगळा, असा माझा हिशोब. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. हे ॲप 2018 पासून आहे, फुकट आहे, चांगलं आहे. लोगो बनवला. कॅटलॉगमध्ये फोटो टाकले. वहीतले 212 नंबर दोन रात्री बसून फोनमध्ये भरले आणि एक ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, म्हणजे एका लिस्टमध्ये काम झालं. एक रंगीत पोस्टर बनवलं. दिवाळीच्या महिनाभर आधी आत्यानं बटण दाबलं. मेसेज गेला. मी पुण्यात आपल्या कामाला लागलो.

आत्यानं भाजणी दळून आणली, 40 किलो. हाताखाली दोन बायका सांगून ठेवल्या, रोजावर. आणि वाट बघत बसली.

ऑर्डरी येईनात. आठवडा गेला, दहा दिवस गेले, सगळ्या मिळून 11. आत्यानं मला फोन केला नाही. का, तर पोरानं एवढी मेहनत घेतलीय, त्याला वाईट वाटेल. बाबांना म्हणाली, "आता सगळीकडे तयार मिळतंय. लोकांना आपलं कशाला लागतंय? यंदा शेवटचं वर्ष." त्या दोन बायकांना काम नव्हतं, तरी कबूल केलेला रोज तिनं दिला.

मग एक दिवस भाजीमंडईत तिला एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. त्या बाई म्हणाल्या, "अहो वहिनी, यंदा फराळ करत नाही का? फोन नाही आला तुमचा, म्हणून आम्ही दुसरीकडे सांगून टाकलं."

तेव्हा तिनं मला फोन केला. शब्द एवढेच होते, "अरे, मेसेज पोचलाय का बघ जरा."

शनिवारी मी कराडला गेलो. तिच्या फोनवर तो मेसेज दाबून धरला आणि त्याची माहिती उघडली. 212 पैकी पोचला होता 23 जणांना. त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक.

कारण साधं आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच जातो, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केलाय, याला अर्थ नाही. त्यानं तुमचा करायला हवा. आत्याचा जुना नंबर कराडातल्या दोनशे घरांत सेव्ह होता. नवा कुणाकडेच नव्हता. ही माहिती त्या ॲपच्या मदतीच्या पानावर लिहिलेली आहे. मी वाचली नव्हती. ऑफिसात चार ओळींचा बदल केला तरी मी आधी टेस्ट करतो आणि नंतर लॉग बघतो. इथं दोन्ही केलं नाही. एक टिक आणि दोन टिक यांतला फरक बघायला दहा सेकंद लागले असते.

आत्या एवढंच म्हणाली, "म्हणजे लोकांनी सोडलं नव्हतं तर." आणि उठून चहा ठेवायला गेली. ते वाक्य मला अजून आठवतं. तीन आठवडे बाईला वाटत होतं, की आपली चव उतरली.

लक्ष्मीपूजनाला नऊ दिवस होते. मी सुट्टी टाकली. दोघांनी वही अर्धी अर्धी वाटून घेतली आणि तीन संध्याकाळ फोन केले, तिच्या जुन्या नंबरवरून आणि माझ्या फोनवरून. बऱ्याच जणांनी दुसरीकडे सांगितलं होतं. शेवटी 71 ऑर्डरी झाल्या. आदल्या वर्षी 130 होत्या. म्हणजे पूर्ण भरपाई झाली नाही. उरलेली भाजणी तिनं सुटी विकली.

तर हे झालं. आता यातून काय काय शिकलो, ते सांगतो.

पहिलं : नंबर हीच तुमची पाटी

दुकानाची पाटी आपण उगाच बदलत नाही. तसाच नंबर. जुना नंबर लोकांकडे सेव्ह असेल, तर त्यावरच व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. साध्या व्हॉट्सॲपचं खातं बिझनेसवर नेता येतं, चॅटसकट. आधी बॅकअप तेवढा घ्या. नंबर बदलावाच लागला, तर ॲपमध्ये 'चेंज नंबर' आहे, तो वापरा आणि ओळखीच्यांना कळवण्याचा पर्याय निवडा.

आणि नंबर सेव्ह करायला लोकांना तोंडानं सांगा. आत्या आता डबा देतानाच म्हणते, "नंबर 'फराळ काकू' म्हणून सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वर्षी निरोप येईल." काय नावानं सेव्ह करायचं, तेही सांगायचं. नाहीतर ऐन वेळी माणूस शोधत बसतो. डब्याच्या झाकणावर क्यूआर कोडचा स्टिकर लावला, की तो स्कॅन केला म्हणजे थेट चॅट उघडतं. हा कोड ॲपमध्येच मिळतो, वेगळे पैसे नाहीत.

दुसरं : पहिल्या ओळीत काम

माझं ते रंगीत पोस्टर आठवतंय ना? त्याच्या खाली मी लिहिलं होतं: 'दिव्यांच्या लखलखाटात आपल्या व आपल्या परिवाराच्या आयुष्यात सुख, समृद्धी व आनंद नांदो...' अशा चार ओळी. 'फराळ' हा शब्द पाचव्या ओळीत. दर पोस्टरवर, बारीक अक्षरात.

आता बघा, फोनच्या नोटिफिकेशनमध्ये दिसते पहिली एक-दोन ओळ. दिवाळीत शुभेच्छांचे पन्नास मेसेज येतात. त्यात हा एक्कावन्नावा. कोण उघडणार? पुढच्या वर्षी आत्या बोलत गेली आणि मी टाईप केलं. तो मेसेज असा:

'फराळ काकू, कराड. दिवाळीची ऑर्डर रविवारपर्यंत घेते.
भाजणी चकली किलो 480 रुपये
बेसन लाडू किलो 560
पातळ पोह्यांचा चिवडा किलो 400
शंकरपाळे किलो 400
अर्धा किलोही मिळेल. काय आणि किती, एवढंच लिहून पाठवा. बुधवारपासून डबे तयार.'

कोण, काय, केवढ्याला, कधीपर्यंत, आणि आता मी काय करायचं. पाच गोष्टी. दर लपवू नका. 'किमतीसाठी मेसेज करा' लिहिलं, की निम्मे लोक लाजेनं विचारत नाहीत. घेतलं नाही तर काय म्हणतील, असं वाटतं.

आणि मजकूर फोटोत अडकवू नका. फोटो हवाच, चकली दिसली पाहिजे. पण दर साध्या अक्षरात लिहा. पंधरा दिवसांनी कुणी चॅटमध्ये 'चकली' शोधलं, तर साधा मजकूर सापडतो.

तिसरं : मराठीचा हिशोब

हे खास माझ्या खात्यातलं. एसएमएस पाठवणार असाल, तर ऐका. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. देवनागरीत 70. त्याच्या वर गेलं, की मेसेजचे तुकडे होतात, 67-67 चे, आणि बल्क एसएमएसवाला प्रत्येक तुकड्याचे पैसे लावतो. वर मशीन काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजतं. 'शंकरपाळे' आपल्याला पाच अक्षरं दिसतात, मशीनला आठ. इंग्रजी मेसेजमध्ये एकच देवनागरी अक्षर घातलं, तरी अख्खा मेसेज 70 च्या हिशोबात जातो.

म्हणून मराठी सोडा असं मी म्हणत नाहीये. उलट मराठीतच लिहा, पण लहान लिहा. आणि हो, असे व्यावसायिक एसएमएस पाठवायला ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते, मेसेजचा नमुनाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. दोनशे गिऱ्हाइकांसाठी हा खटाटोप करू नका. फोन आणि व्हॉट्सॲप पुरतं.

चौथं : विचारून पाठवा, मोजून पाठवा

नंबरांची यादी विकत मिळते, म्हणून घेऊ नका. ज्यांनी तुमचं नाव ऐकलेलं नाही, ते ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात, आणि नंबरच बंद पडू शकतो. माणसाची माहिती त्याच्या संमतीनं वापरा, हे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. आत्याच्या वहीत आता एक रकाना वाढलाय : 'निरोप पाठवू का? हो / नको.' नको म्हणाले, तर नको. वर्षाला चार मेसेज जातात : दिवाळी, संक्रांतीचे तिळगूळ, उन्हाळ्यात सांडगे-पापड आणि गणपतीचे मोदक. बस.

दुसरा रकाना, 'ऑर्डर कशावरून आली?' मेसेज, फोन, कुणाच्या सांगण्यावरून. एका सीझनमध्ये कळलं, की तिची नवी गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त येतात ती जुन्यांच्या सांगण्यावरून. मग जाहिरातीला पैसे घालण्यापेक्षा प्रत्येक डब्यात दोन अनारसे जास्तीचे टाकणं बरं, हे तिनंच ठरवलं.

दुकान असेल, तर गूगल बिझनेस प्रोफाईल मात्र करा. फुकट आहे. वेळ, फोन, दोन खरे फोटो. सणाच्या दिवशी दुकान बंद असेल, तर तिथं बंद लिहा. एवढं पुष्कळ.

पाचवं : उत्तर माणसासारखं द्या

मागच्या वर्षी एकांचा मेसेज आला, 'चकल्या मऊ पडल्यात.' मी लगेच लिहून दिलं, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आत्यानं चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, "हे काय बँकेचं पत्र आहे का?" मग तिनं स्वतः बोलून पाठवलं, "अहो, तो शेवटचा घाणा होता, तेल नीट तापलं नव्हतं बहुतेक. उद्या सकाळी दुसऱ्या पाठवते. त्या मऊ ठेवा, पोरं चहात बुडवून खातील."

ते गिऱ्हाईक अजून आहे. चूक कबूल, कारण सांगितलं, भरपाई कधी तेही सांगितलं. मी कितीही 'क्विक रिप्लाय' बनवून दिले तरी त्यात हे येत नाही. क्विक रिप्लाय दरपत्रकासाठी आणि पत्त्यासाठी ठेवा. तक्रारीला स्वतः बोला.

शेवटी

त्या तीन संध्याकाळच्या फोनवर मला जे कळलं, ते कुठल्याच ॲपनं सांगितलं नसतं. एक काकू म्हणाल्या, मुलगा हॉस्टेलला असतो, पाव किलोची पाकिटं देता का? एका आजोबांना साखर चालत नव्हती. एकांची लेक परदेशात, त्यांना कुरिअर आधी पाठवायचं म्हणून फराळ महिनाभर आधी हवा होता. हे तिन्ही आता आत्याच्या दरपत्रकात आहेत. मी जी वही 'जुनाट' म्हणून बाजूला ठेवणार होतो, तिच्यात हे सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. मी फक्त नंबर उचलले होते, शेरे नाही.

गेल्या दिवाळीत 148 ऑर्डरी झाल्या. त्या दोन बायका परत आल्या, आणि तिसरी पण.

तर आजचं काम. घरी कुणी धंदा करत असेल, तर आज त्यांचा फोन मागून घ्या. शेवटचा ब्रॉडकास्ट मेसेज दाबून धरा, माहिती उघडा आणि किती जणांना पोचला ते मोजा. नाही पोचला, तर त्या माणसांना फोन करा. मेसेज नाही, फोन.

आणि पुढच्या वेळी तुम्ही कुणाला 'प्रोफेशनल' काही करून द्यायला निघालात, तर आधी त्यांची वही वाचा. शेऱ्यांसकट.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!