राखणीला कुणीतरी हवं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या शाळेमागे तेव्हा ज्वारीची शेतं होती. माळ्यावर गोफण घेऊन राखण करणारी माणसं वर्गाच्या खिडकीतून दिसायची. आज रहाटणीत तिथे सोसायट्या आहेत. पण राखणीचा प्रश्न माझ्यासाठी संपलेला नाही.

माझं आजोळ दापोली तालुक्यातलं. मामा सत्तरीचा. आंबा, नारळ, केळी आणि परसात भाजी. आता तिथे माकडं आणि वानरं टोळीने येतात. शहाळी पाडतात, केळीचे घड ओरबाडतात, भोपळ्याचे वेल उपटतात. मामाने भाजी लावणंच सोडलं. नुकसानभरपाई आहे, पण रोजच्या चार शहाळ्यांचा रोज पंचनामा कोण करणार?

मी पडले सॉफ्टवेअरवाली! हालचाल टिपणारा कॅमेरा आणि भोंगा बसवून दिला. चार दिवस माकडं पळाली. पाचव्या दिवशी भोंग्याशेजारी बसून केळी खाऊ लागली. मामा फोनवर म्हणाला, "बाय, त्यांना कळलं, भोंग्याला हात नाहीत."

दोष माकडांचा कसा म्हणू? कोकणातलं बरंचसं रान खाजगी मालकीचं. ते तुटलं, मध्ये बागा, रस्ते, घरं आली, उरले तुकडे. रानात दिवसभर हिंडून मिळतं, ते बागेत काही मिनिटांत गालाच्या पिशवीत भरून पळता येतं.

आणि दुसरं कारण आपण आहोत. मामाच्या वाडीत दहा घरं, त्यांतली सात बंद. माझी आई लग्न होऊन इथे आली, दोघे मामेभाऊ चाकणला कंपनीत. राखणीला उरले मामा आणि एक कुत्रा.

2022 मध्ये बातमी होती, की धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी 32 एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली आहे. आपण ग्रुपवर खूप हसलो. मामा हसला नाही. म्हणाला, "इथं सातबारा माझ्या नावावर, पण खातंय कोण?"

म्हणून दोनच विनंत्या. सहलीला जाताना ताम्हिणी घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स देऊ नका. माणसाची भीती तिथेच मोडते. आणि गावाकडे घर असेल, तर फळांच्या दिवसांत काही दिवस तिथे राहा.

मी येता एप्रिल वाडीतूनच काम करणार आहे. ओटीवर लॅपटॉप आणि शेजारी वाजवायला पत्र्याचा डबा. मामाने परसात भोपळ्याचं बी लावायचं कबूल केलंय.